उडदाचे शेत, पारव्यांचा थवा आणि बंदुकीचा हिशेब

तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणमच्या ईशान्येस काही किलोमीटर अंतरावर, कावेरीकाठी तिरुविसनल्लूर हे गाव वसले आहे. मराठी वाचकांना हे नाव फारसे परिचित नसले, तरी या गावाचा महाराष्ट्राशी जुना ऋणानुबंध आहे. तंजावरच्या मराठा राजघराण्यातील शाहजीराजे (कारकीर्द १६८४ ते १७१२) यांनी १६९३ मध्ये हे गाव चाळीसहून अधिक विद्वानांना अग्रहार म्हणून दान दिले आणि त्यास ‘शाहजीराजपुरम्’ असे नाव पडले. श्रीधर अय्यावाळ, रामभद्र दीक्षित अशा पंडितांच्या वास्तव्याने ते विद्येचे केंद्र बनले. अय्यावाळांच्या मठातील विहिरीत तमिळ कार्तिगै महिन्याच्या अमावास्येला गंगा प्रकटते, या श्रद्धेने आजही तेथे हजारो भाविक स्नानासाठी येतात.

गावाची ही ओळख धार्मिक व सांस्कृतिक असली, तरी त्याचा प्रपंच मात्र शेतीवर चालत आला आहे. कावेरीचा त्रिभुज प्रदेश हे तमिळनाडूचे भाताचे कोठार मानले जाते. १९६०-६१ मध्ये देशातील निवडक जिल्ह्यांत सघन शेती कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा पहिल्या सात जिल्ह्यांत तंजावरचा समावेश होता. तिरुविसनल्लूरपासून जवळच, अडुतुरै येथे १९२२ मध्ये स्थापन झालेले भात संशोधन केंद्र आहे. या प्रदेशात भाताची कापणी आटोपल्यावर वसंताच्या तोंडावर शेतात जो प्रश्न उभा राहतो, तो या लेखाचा विषय आहे. उडीद-मुगाच्या कोवळ्या पिकावर पारव्यांचे थवे उतरतात. या पाखरांना बंदुकीने टिपावे, हुसकावून लावावे, की त्यांचा वाटा सोडून द्यावा? प्रश्न वरकरणी लहान आहे. परंतु त्यात कायदा, मजुरी, शाळा, विमा आणि पर्यावरण या सर्वांची गुंतागुंत झालेली आढळते.

भातानंतरचे पीक

त्रिभुज प्रदेशात भाताचे प्रमुख हंगाम तीन आहेत. जून-जुलैमध्ये सुरू होणारे कुरुवै, ऑगस्टनंतरचे दीर्घ मुदतीचे सांबा आणि कुरुवैच्या पाठोपाठ घेतले जाणारे तालडी. सांबा व तालडीची कापणी जानेवारी ते मार्चच्या सुमारास होते. त्यानंतर कालव्यांचे पाणी बंद होते. मात्र खाचराच्या चिकण मातीत काही काळ ओल टिकून राहते. या उरलेल्या ओलीवर, पाण्याची एकही पाळी न देता, उडीद किंवा मुगाचे पीक काढण्याची पद्धत येथील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासली आहे.

या पद्धतीत नांगरट नाही, पाभर नाही. कापणीला आठवडा-दहा दिवस अवकाश असतानाच उभ्या भातात बी फोकले जाते. शिफारशीनुसार बियाण्याचे प्रमाण हेक्टरी सुमारे ३० किलो असते. बागायती उडदाच्या तुलनेत ते अधिक आहे, कारण सर्व बी रुजत नाही. भाताच्या सावलीत बी रुजते, कापणी होते आणि लहान रोपे उघड्यावर येतात. सुमारे ६५ ते ७५ दिवसांत पीक हाती लागते. खर्च अत्यल्प, जमिनीचा कस सुधारणारे आणि ऐन टंचाईच्या दिवसांत घरात रोख पैसा आणणारे असे हे पीक आहे. लहान खातेदाराला व खंडकऱ्याला त्याचे मोल विशेष वाटते.

राष्ट्रीय दृष्टीनेही या पिकाला महत्त्व आहे. २०२४-२५ मध्ये भारताला सुमारे ७० लाख टनांहून अधिक डाळी-कडधान्ये आयात करावी लागली. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने ११,४४० कोटी रुपयांच्या तरतुदीचे कडधान्य आत्मनिर्भरता अभियान सुरू केले. तूर, उडीद व मसूर यांवर त्याचा भर असून २०३०-३१ पर्यंत कडधान्यांचे उत्पादन ३५० लाख टनांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. हे उद्दिष्ट गाठण्यासाठी जी अतिरिक्त जमीन हिशेबात धरली जाते, तीत भातानंतर पडीक राहणाऱ्या खाचरांचा वाटा मोठा आहे. तेव्हा तिरुविसनल्लूरच्या परिसरातील खाचरात किती रोपे टिकतात, ही केवळ एका गावाची बाब राहत नाही.

पाखरे केव्हा आणि का येतात?

पारवा हा मूळचा कडेकपारीत राहणारा पक्षी. मनुष्याने देवळे, गोपुरे, वाडे आणि पूल बांधले, तेव्हा त्याला नव्या कपारी मिळाल्या. कावेरीकाठची गावे उंच गोपुरांची आहेत. निवारा तेथे आणि अन्न शिवारात, अशी पारव्याची सोय आपोआप झाली आहे. एका वेळी दोन अंडी, वर्षातून अनेक विणी आणि पिलांना भरवण्यासाठी अन्ननलिकेतील पिशवीत तयार होणारे ‘दूध’ यांमुळे त्याची संख्या अन्नाच्या प्रमाणात झपाट्याने वाढते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांच्या स्थितिदर्शक अहवालात अनेक जातींची घट नोंदवली गेली. परंतु पारवा आणि मोर यांसारख्या, मनुष्यवस्तीशी जुळवून घेणाऱ्या जातींची स्थिती चांगली असल्याचे त्यात दिसून आले.

कडधान्याच्या पिकात पाखरांपासून धोका प्रामुख्याने दोन वेळा संभवतो. पहिला बी पडल्यापासून रोपाला खरी पाने फुटेपर्यंत आणि दुसरा शेंगा पक्व होण्याच्या सुमारास. पारवे व होले यांचा उपद्रव मुख्यतः पहिल्या टप्प्यात होतो. शेंगांवर पोपट आणि काही भागांत मोर येतात. येथे शेतीच्या पद्धतीतील एक बदल लक्षात घेणे आवश्यक आहे. पूर्वी विळ्याने कापणी होत असे, तेव्हा बी उभ्या भाताखाली झाकलेले राही आणि रोपे तुडवली जाण्याचे प्रमाणही मर्यादित असे. कापणी-मळणी यंत्रे आल्यानंतर त्यांच्या वजनाखाली कोवळी रोपे चिरडली जातात. हे टाळण्यासाठी बी कापणीनंतर फोकले, तर ते मातीवर उघडे पडते. त्यातच यंत्रामागे सांडलेले भाताचे दाणे पारव्यांना आमंत्रणच देतात. म्हणजे ज्या यंत्राने कापणीची मजुरी वाचवली, त्यानेच राखणीचा भार वाढवला. यंत्राच्या लाभ-हानीचा हिशेब मांडताना ही बाजू सहसा विचारात घेतली जात नाही.

नुकसान आणि तोटा

पारवा दिवसाला साधारण ३० ग्रॅम दाणे खातो. शंभर पारव्यांचा थवा दहा दिवस एकाच शेतावर उतरला आणि त्याने दुसरे काहीही खाल्ले नाही, तर ३० किलो, म्हणजे एक हेक्टराचे संपूर्ण बियाणे फस्त होईल. हा हिशेब शेतकऱ्याची धास्ती समजून घेण्यास उपयोगी आहे. परंतु ती कमाल मर्यादा आहे, सरासरी नव्हे. थव्याच्या आहारात सांडलेले भात आणि तणांचे बी यांचाही भाग असतो. शिवाय थवा एकाच शेतावर दहा दिवस ठाण मांडून बसत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, रोपे गेली म्हणजे तेवढे उत्पन्न गेले असे होत नाही. विरळ झालेल्या पिकात उरलेल्या रोपांना अधिक ओल व प्रकाश मिळतो, त्यांना अधिक फांद्या फुटतात आणि काही तूट भरून निघते. म्हणून डोळ्यांना दिसणारे नुकसान आणि पदरी पडणारा तोटा या दोन भिन्न गोष्टी होत. याउलट, बांधालगतच्या किंवा विजेच्या तारांखालच्या एखाद्या तुकड्यात रोपच शिल्लक राहत नाही. तेथे भरपाई करणारे रोपच नसल्याने तोटा पूर्ण होतो. पाखरांच्या उपद्रवाचे वैशिष्ट्य हेच, की सरासरी अल्प दिसते, पण तो ज्याच्या वाट्याला येतो त्याच्यावर भारी पडतो. ठरावीक खंड देऊन जमीन कसणाऱ्या कुळाचा तुकडा असा सापडला, तर खंड मात्र कमी होत नाही.

कायद्याची चौकट

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबरच पकडणे, सापळा लावणे, घरटी व अंडी नष्ट करणे यांचाही समावेश होतो. मूळ चौथ्या अनुसूचीत पारवा वगळून कपोतकुळातील सर्व पक्षी समाविष्ट होते. पारव्याचा हा अपवाद अनेक शेतकऱ्यांच्या आणि बंदूक बाळगणाऱ्यांच्या ध्यानात राहिला. तथापि २०२२ मध्ये अधिनियमात व्यापक सुधारणा झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. अनुसूचींची संपूर्ण फेरमांडणी झाली. कावळा, फळे खाणारी वटवाघळे, उंदीर व घुशी यांची ‘उपद्रवी’ म्हणून असलेली पाचवी अनुसूची रद्द झाली. त्यामुळे जुन्या अपवादाच्या भरवशावर बंदूक उचलणे शहाणपणाचे नाही. उडत्या थव्यात पारव्यासोबत होलेही असतात, आणि छऱ्याला जात ओळखता येत नाही.

उभ्या पिकाला धोका निर्माण झाल्यास मुख्य वन्यजीव रक्षकाला कलम ११ अन्वये लेखी परवानगी देण्याचा अधिकार आहे. कलम ६२ अन्वये केंद्र सरकार विशिष्ट क्षेत्रापुरते व मुदतीपुरते एखाद्या प्राण्यास उपद्रवी घोषित करू शकते. २०१५-१६ मध्ये बिहारमधील नीलगाय व रानडुक्कर, उत्तराखंडातील रानडुक्कर आणि हिमाचल प्रदेशातील माकड यांच्याबाबत असे आदेश निघाले होते. मोराला तर पहिल्या अनुसूचीचे सर्वोच्च संरक्षण आहे.

शस्त्रांचा कायदा वेगळा. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी तोंडाकडून ठासायच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. परंतु पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे पाखरे मारण्याची परवानगी नव्हे, हा भेद गावपातळीवर बहुधा स्पष्ट होत नाही. एका कायद्याने बंदूक हाती दिली, तरी दुसरा कायदा तिचा रोख कोणाकडे असावा हे ठरवतो.

गोळीने पारवे कमी होतात काय?

कायद्याचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी अर्थशास्त्राचा प्रश्न उरतोच. मारल्याने संख्या घटते काय? याबाबत जगाचा अनुभव बोलका आहे.

स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरात १९६१ ते १९८५ या काळात गोळ्या घालून व सापळे लावून सुमारे एक लाख पारवे मारण्यात आले. शहरातील त्यांची संख्या मात्र वीस हजारांच्या आसपास कायम राहिली. एक पारवा गेला की त्याची घरट्याची जागा व अन्नाचा वाटा दुसऱ्या, तरुण पारव्याला मिळे. १९८८ पासून तेथे नागरिकांचे प्रबोधन करून दाणे टाकण्यास आळा घालण्यात आला, तेव्हा चार-पाच वर्षांत संख्या निम्म्यावर आली. पंचवीस वर्षांच्या बंदुकीला जे जमले नाही, ते अन्न कमी केल्याने साधले.

ब्रिटनमधील रानकबुतर ही वेगळी जात. ती थंडीत व वसंतात कोबीवर्गीय पिके आणि चाऱ्याची पाने फस्त करते. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील सरकारने काडतुसांच्या खर्चात सवलत देऊन शिकारीस उत्तेजन दिले. पुढे केंब्रिज परगण्यात झालेल्या आणि १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून असे दिसून आले, की हिवाळ्यात बंदुकीने मरणारे पक्षी बहुतांशी अन्नटंचाईने तसेही मेले असते. बंदुकीने निसर्गाचेच काम केले; त्यात भर घातली नाही. आजही तेथे परवान्याच्या अटींवर पिकांवर गोळीबार होतो, पण त्याचा उपयोग मुख्यतः त्या शेतातून थवा उठवण्यापुरता मानला जातो.

चीनचा धडा अधिक कठोर आहे. १९५८ मध्ये चिमण्यांना धान्याचे शत्रू ठरवून देशव्यापी संहार सुरू झाला. चिमण्या गेल्या तशा किडी वाढल्या, आणि १९६० मध्ये शत्रूंच्या यादीतून चिमणीचे नाव काढून ढेकणाचे घालावे लागले. त्या काळातील भीषण दुष्काळाची कारणे अनेक होती; परंतु पाखरांच्या संहाराने त्यात भर पडली, हे आता सर्वमान्य आहे.

कावेरीच्या खोऱ्यात हा धडा अगदी प्रत्यक्ष आहे. येथील शेतकरी उंदरांच्या बंदोबस्तासाठी ‘तंजावर किट्टी’ नावाचा बांबूचा धनुष्य-सापळा वापरतात आणि घुबडांना बसण्यासाठी शेतात खांब रोवतात. त्याच खांबांवर दिवसा कोतवाल बसतो आणि अळ्या टिपतो. बंदुकीचा बार केवळ पारव्याला ऐकू जात नाही. घुबड, कोतवाल, साळुंकी हे बिनपगारी राखणदारही त्याने उठून जातात, आणि शेंगा पोखरणाऱ्या अळीला रान मोकळे मिळते.

राखणीचे अर्थशास्त्र

मग राखण परवडते काय? एका काल्पनिक उदाहरणावरून हे पाहता येईल. हेक्टरी उत्पादन ५ क्विंटल धरू. २०२५-२६ साठी उडदाची किमान आधारभूत किंमत क्विंटलला ७,८०० रुपये होती. त्या दराने एकूण उत्पन्न ३९,००० रुपये होते. पाखरांमुळे १० टक्के रोपे गेली आणि निम्मी तूट उरलेल्या रोपांनी भरून काढली, असे मानल्यास निव्वळ तोटा ५ टक्के, म्हणजे १,९५० रुपये होतो.

एका शेतकऱ्याने आपल्या एका हेक्टरासाठी बारा दिवस राखणदार ठेवला आणि मजुरी दिवसाला ५०० रुपये धरली, तर खर्च ६,००० रुपये येतो. तोट्याच्या तिप्पट खर्च करून तोटा टाळण्यात अर्थ नाही. शिवाय त्याने उठवलेला थवा शेजारच्या शेतात जाऊन बसतो. त्याचा लाभ तो शेजाऱ्याचा तोटा. गावाच्या एकूण हिशेबात फारसा फरक पडत नाही. बंदुकीलाही हाच नियम लागू आहे.

आता सलग वीस हेक्टरांच्या गटाने एकत्र राखण केली आणि दोन राखणदार बारा दिवस ठेवले, तर २४ दिवसांची मजुरी १२,००० रुपये होते. हेक्टरी वाटा येतो ६०० रुपये. राखणीने दोन-तृतीयांश तोटा जरी टळला, तरी हेक्टरी १,३०० रुपये वाचतात. म्हणजे ७०० रुपयांचा निव्वळ लाभ होतो. जे एकट्याला परवडत नाही, ते गटाला परवडते. अट एकच, की पेरणी सर्वांनी साधारण एकाच आठवड्यात करावी. पेरण्या पुढे-मागे झाल्या, तर थव्याला महिनाभर ताजे अन्न मिळत राहते आणि राखणीचे दिवसही वाढतात.

ही कल्पना नवी नाही. तमिळ गावांत पूर्वी ‘कावल’ नावाची राखणीची व्यवस्था होती. राखणदाराचा वाटा खळ्यावरच्या राशीतून दिला जाई. महाराष्ट्रातील जागल्याच्या हक्काशी तिचे साम्य सहज ध्यानात येते. सोलापूर-मराठवाड्याच्या ज्वारीच्या शिवारात माळ्यावर उभे राहून गोफण फिरवणारा राखणदार मराठी वाचकाने पाहिलेला किंवा निदान ऐकलेला असतो. हुरड्याच्या दिवसांत भोरड्यांचे थवे कणसांवर उतरतात, म्हणून गोफणी फिरत. पण त्याच भोरड्या टोळही खातात, हे जाणते शेतकरी ओळखून असत. गोफणीचा हेतू पाखरू मारणे हा नव्हता, उठवणे हा होता.

राखण कोणी करायची?

या जुन्या व्यवस्थेचे केवळ कौतुक करून भागणार नाही. राखणीचे काम बहुधा मुलांकडे, विशेषतः मुलींकडे असे. तमिळ परंपरेत मुरुगनची पत्नी वल्ली ही बाजरी-राळ्याच्या शेतातील पाखरे हुसकावणारी कन्या म्हणूनच प्रसिद्ध आहे. मुरुगनच्या सहा प्रमुख स्थानांपैकी स्वामिमलै कुंभकोणमजवळच आहे. कथेतील हे चित्र रम्य असले, तरी प्रत्यक्षात राखणीचे दिवस म्हणजे शाळा बुडण्याचे दिवस असत. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणारा २००९ चा कायदा झाल्यानंतर ही फुकटची राखण परत आणण्याचा विचारही करता येणार नाही. पूर्वीची राखण स्वस्त होती, कारण तिची खरी किंमत मुलांनी मोजली होती. आज ती किंमत प्रौढांच्या मजुरीत दिसू लागली, म्हणून राखण महाग वाटते.

येथे आणखी एका समाजाचा विचार अगत्याचा ठरतो. तमिळनाडूतील नरिकुरवर किंवा ‘कुरुविक्कारन’ हा भटका समाज परंपरेने लहान प्राणी व पक्ष्यांची शिकार करून जगत असे. कुरुवी म्हणजे पाखरू; या नावातच त्याचा व्यवसाय आहे. त्याची वाग्री बोली इंडो-आर्य कुळातील असून महाराष्ट्रातील पारध्यांची आठवण करून देणारे त्याचे जीवन आहे. १९७२ च्या कायद्यानंतर त्याचे उपजीविकेचे साधन हिरावले गेले आणि मणी-माळा विकून गुजराण करण्याची वेळ आली. डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने विधेयक मंजूर करून या समाजाचा तमिळनाडूच्या अनुसूचित जमातींच्या यादीत समावेश केला. पाखरांच्या सवयी, त्यांच्या येण्या-जाण्याच्या वेळा, त्यांचे बसण्याचे ठिकाण यांचे पिढीजात ज्ञान या समाजाकडे आहे. हे ज्ञान मारण्याऐवजी राखण्याच्या कामी, हंगामी परंतु सन्मानाच्या वेतनावर, वापरता येईल काय, याचा शेतकरी उत्पादक संस्थांनी अवश्य विचार करावा.

वेदांतांगलचा कौल

पाखरे आणि शेतकरी यांचा संबंध केवळ वैराचाच आहे असे नाही. चेंगलपट्टू परिसरातील वेदांतांगलच्या तळ्यावर अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज शिपायांनी पाखरे मारली, तेव्हा गावकरी कलेक्टरकडे गेले आणि पाखरांना अभय देणारा ‘कौल’ त्यांनी लिहून घेतला. कौल हा शब्द मराठी वाचकाला सांगायला नको. या आग्रहामागे भूतदया होती, तसा व्यवहारही होता. पाखरांच्या विष्ठेने समृद्ध झालेले तळ्याचे पाणी शेतीला खताचे काम देते, हे गावकऱ्यांना ठाऊक होते. शिवगंगा जिल्ह्यातील वेट्टांगुडी अभयारण्यालगतच्या कोल्लुकुडिपट्टी गावाने तर पाखरांसाठी दिवाळीतील फटाके सोडून दिले आहेत.

अर्थात तळ्यावरचा बगळा आणि शेतातला पारवा एक नव्हे. पण दोन्ही प्रसंगांतून निघणारा निष्कर्ष सारखाच आहे. ज्या गावाला पाखरांचा लाभ व तोटा दोन्ही मोजता येतात, ते गाव एकत्र निर्णय घेऊ शकते.

विमा व भरपाई यांची मर्यादा

वन्य प्राण्यांमुळे होणाऱ्या पीकहानीसाठी अनेक राज्यांत भरपाईच्या योजना आहेत. परंतु त्यांचा रोख प्रामुख्याने हत्ती, रानडुक्कर, नीलगाय यांसारख्या मोठ्या प्राण्यांकडे राहिला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने २०२६ च्या खरिपापासून पंतप्रधान पीक विमा योजनेत वन्य प्राण्यांच्या हल्ल्याचा स्थानिक जोखमीत समावेश करण्याची घोषणा केली. कोणते प्राणी त्यात धरायचे हे राज्यांनी अधिसूचित करावयाचे असून शेतकऱ्याने ७२ तासांच्या आत नुकसानीची सूचना द्यावयाची आहे.

हा निर्णय स्वागतार्ह आहे. तथापि पारव्यांच्या प्रश्नावर विमा हे मुख्य उत्तर ठरेल असे वाटत नाही. विमा हा क्वचित घडणाऱ्या, पण मोठ्या हानीसाठी असतो. येथील हानी वारंवार, विखुरलेली आणि बहुतेकांसाठी अल्प असते. सुमारे दोन हजार रुपयांच्या तोट्याची पाहणी करण्यासाठी तितकाच खर्च येणार असेल, तर ती व्यवस्था टिकाऊ नव्हे. शिवाय रोपे पाखरांनी खाल्ली, यंत्राखाली गेली, की ओलीअभावी रुजलीच नाहीत, हे तीन दिवसांनंतर सिद्ध करणे कठीण असते.

पुढील दिशा

या विवेचनावरून काही सूचना करता येतील.

१. एका कालव्यावरील शिवारात कडधान्याची पेरणी एकाच आठवड्यात उरकण्यासाठी शेतकरी गटांनी आपसांत वेळापत्रक ठरवावे. जोखीम विभागली जाते आणि राखणीचे दिवस कमी होतात.

२. शक्य तेथे बी कापणीपूर्वी उभ्या भातात फोकण्याची जुनी पद्धत टिकवावी. यंत्राने कापणी अपरिहार्य असेल, तेथे यंत्राच्या फेऱ्यांचे मार्ग ठरवून घ्यावेत आणि सांडलेले दाणे कमी राहतील अशी यंत्राची जुळणी करावी.

३. राखणीसाठी गटाने प्रौढ राखणदार नेमावेत. चमकत्या फिती, बुजगावणी, आवाज ही साधने उपयोगी आहेत. पण पाखरे त्यांना काही दिवसांत सरावतात. म्हणून ती उपद्रवाच्या दहा-बारा दिवसांपुरतीच लावावीत आणि त्यांच्या जागा बदलत राहाव्यात. १९८२ पासून भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या प्रकल्पातून या विषयावर जे संशोधन झाले, ते तमिळ व मराठीत शेतकऱ्यांपर्यंत पोहोचायला हवे.

४. विषारी दाणे टाकणे पूर्णतः टाळावे. त्यात मोर, होले आणि पाळीव जनावरेही बळी पडतात, आणि शेतकरी गंभीर गुन्ह्यात अडकतो.

५. देवळांच्या आवारात व बाजारपेठांत पारव्यांना दाणे टाकण्याच्या प्रथेचा पुनर्विचार व्हावा. २०२५ मध्ये मुंबईतील कबुतरखान्यांवरून जो वाद झाला, तो प्रामुख्याने श्वसनविकारांच्या संदर्भात होता. परंतु शहरात पुण्यासाठी पोसलेल्या थव्याचा भार शिवारावरही पडू शकतो, हा मुद्दा त्या चर्चेत अभावानेच आला.

६. ज्या मोजक्या शेतांत संपूर्ण पीक नष्ट होते, त्यांच्यासाठी ग्रामपातळीवर लहान सामायिक निधी असावा. गटाच्या राखणीतून होणाऱ्या बचतीचा काही भाग त्यात जमा करता येईल. खंडाने जमीन कसणाऱ्यांचा त्यात अग्रहक्क असावा.

शाहजीराजांनी तीन शतकांपूर्वी या गावाचे दान दिले, तेव्हा कावेरीच्या पाण्यावर पिकणाऱ्या धान्यातून पंडितांची विद्या पोसली गेली. त्या धान्याची राखण कोणी केली, याची नोंद दानपत्रे ठेवत नाहीत. आज कडधान्यांच्या स्वयंपूर्णतेचा विचार करताना ही चूक पुन्हा होऊ नये. बंदुकीचा बार क्षणभर समाधान देतो आणि थवा शेजारच्या शेतात जाऊन बसतो. वेळेवर केलेली पेरणी, सामायिक राखण आणि राखणदाराला दिलेली योग्य मजुरी यांचा आवाज होत नाही. पण हंगामाच्या अखेरीस खळ्यावर जे उडीद जमा होतात, ते यांच्यामुळेच.